सात तोंडांचं एक खातं

'डिजिटल नवोन्मेष आणि नव्या व्यवसाय-प्रारूपांचे नियमन : एक आंतरविद्याशाखीय अभ्यास' असं त्या प्रकल्पाचं नाव होतं. पत्र आलं त्या सकाळी बायको भाजी चिरत होती. तिला मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"कोनाचं नियमन?" तिनं विचारलं.

"नवोन्मेषाचं."

"मंग करू द्या. आपल्या घरी नाई तो."

पत्रात पुढे लिहिलं होतं की मला 'स्थानिक ज्ञान-सहयोगी' म्हणून नेमण्यात येत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्या काळात माझा ज्ञानाशी काही संबंध आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. तो मान निवृत्तीनंतर मिळाला. कारण उघड होतं. मला इंग्रजी वाचता येतं, झाडीपट्टीची बोली बोलता येते आणि दुपारी मी घरी असतो.

चार विद्यापीठांतले चार विद्वान हा अभ्यास करणार होते. एक कायद्याचे, एक अर्थशास्त्राचे, एक संगणकाचे आणि समाजशास्त्राच्या एक बाई. कायद्याचे होते ते प्रकल्पप्रमुख. मी मनातल्या मनात त्यांना विषयांच्याच नावानं ओळखायचो आणि इथेही तसंच करतो, कारण आमच्या सहवासात त्यांच्यापैकी कुणी आपल्या विषयाबाहेर पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही. आंतरविद्याशाखीय म्हणजे चार विद्याशाखा एकाच गाडीतून येतात, एवढाच अर्थ मला पुढे कळला. गाडीतही ज्याची त्याची खिडकी ठरलेली होती.

त्यांना 'फील्ड' हवं होतं. पहिल्या ऑनलाइन बैठकीत अर्थशास्त्रानं विचारलं, एटापल्ली किंवा सिरोंचा असं काही जमेल का? अहवालात ती नावं चांगली दिसली असती. मी सांगितलं, सिरोंच्याला जायचं तर गडचिरोलीहून पुढे दिवसाचा मोठा भाग रस्त्यात जाईल आणि तिथे प्रश्न तेलुगूत विचारावे लागतील. एटापल्लीत राहायची सोय तुम्हाला सोय वाटणार नाही. त्यावर सावली हीच पुरेशी दुर्गम असल्याचं सगळ्यांनी लगेच मान्य केलं. चारही शास्त्रांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

अभ्यासाला माणसं शोधायला मला लांब जावं लागलं नाही. सावलीहून वैनगंगेकडे जाताना एक तलावाचं गाव लागतं. तिथल्या ढिवरांच्या सात बायकांचा बचत गट आहे. पुरुष जाळं टाकतात, बाया मासे विकतात. पूर्वी टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायच्या. दोनेक वर्षांपूर्वी एक कंपनी आली. नागपूरच्या फ्लॅटांत ताजा मासा दारापर्यंत पोचवणारी. तिचं अ‍ॅप फोनमध्ये घ्यायचं, सकाळी कोणता मासा किती निघाला ते भरायचं आणि मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर बर्फाच्या पेट्या घेऊन गाडी येते तिच्यात माल चढवायचा. बायांनी हे आनंदानं स्वीकारलं. गावोगाव फिरणं संपलं, आणि "कालचा हाय का वं बाई?" असं विचारत मरळीच्या डोळ्यात बोट घालणारी गिऱ्हाइकंही संपली.

खातं एकाच माणसाच्या नावानं निघत होतं, म्हणून ते गटाच्या अध्यक्षाबाईंच्या नावानं निघालं. अध्यक्षाबाई पन्नाशीच्या, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहणाऱ्या. खातं त्यांचं असलं तरी फाट्यावर माल घेऊन जायचं ते पाळीनं. आज ही, उद्या ती. त्या गावात मासेमारीतलं सगळंच पाळीनं चालतं. जिची पाळी तिच्या हातात त्या दिवशी फोन. यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं, म्हणून कंपनीलाही कुणी सांगितलं नव्हतं.

होळीनंतर अ‍ॅप सुधारलं. सुधारलं म्हणजे माल देताना ते तोंड दाखवायला सांगू लागलं. फोन समोर धरायचा, गोलात चेहरा बसवायचा, डोळे मिचकवायचे. पहिल्या दिवशी जिची पाळी होती तिनं आपलं तोंड दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुसरीनं. बायांची समजूत अशी की ही हजेरी आहे. रोजगार हमीच्या कामावर जो येतो तो मस्टरवर आपला अंगठा लावतो, दुसऱ्याचा लावला तर चोरी. तेव्हा आज जी आली तिनं आपलंच तोंड प्रामाणिकपणे दाखवायचं. खात्यावर फोटो अध्यक्षाबाईंचा, म्हणून अ‍ॅप रोज 'जुळत नाही' म्हणायचं आणि गाडीवाला घाईत 'नंतर' हे बटण दाबून पुढे जायचा. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी पाळी अध्यक्षाबाईंची होती. ज्यांच्या नावानं खातं, त्या स्वतः उभ्या राहिल्या, डोळे मिचकवले, आणि अ‍ॅपनं संशयास्पद वापराच्या कारणावरून खातं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या अंगणात आल्या. मी विद्वानांसाठी गाव शोधतोय हे त्यांना कळलं होतं. आमच्याकडे अशा बातमीला अ‍ॅप लागत नाही.

"भाऊ, ते मोठे लोक येऊन राह्यले म्हनते. कशाचे हायेत?"

मी सांगितलं, अशा कंपन्यांवर कायद्याचा लगाम कसा ठेवायचा याचा अभ्यास करतात.

"म्हंजे कंपनी त्याइचं आयकते?"

"ऐकायला पाहिजे."

"मंग आमचं खातं खोलाले सांगतीन का जी ते? नंबरावर फोन लावला त मशीन बोलते. मराठीसाठी दोन दाबा म्हनते, दोन दाबलं त हिंदीत बोलते."

मी म्हणालो, "सांगतील."

तो शब्द मी कशाच्या जोरावर दिला, हे मला अजून सांगता येत नाही. राज्यशास्त्र शिकवणाऱ्याला नियमन या शब्दाबद्दल थोडा आदर राहून गेलेला असतो, त्यातला प्रकार असावा.

त्यांना घाई होती आणि ती समजण्यासारखी होती. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला तलावाचं पाणी खाली जातं आणि वर्षभर वाढवलेला मोठा मासा काढतात; तलाव निघाला, असं म्हणतात. चार-पाच दिवसांत सगळा रोहू, सगळा कटला बाहेर येतो. ऊन असं असतं की दुपारी बारानंतर मासा धरून ठेवता येत नाही. त्या दिवसांत फाट्यावर बर्फाची गाडी उभी असली तर वर्ष सुधारतं. नसली तर व्यापारी येतो, झाडाखाली बसतो, आणि ऊन चढायची वाट पाहतो. खातं त्याच्या आत उघडायला हवं होतं, आणि हातात महिनाभर होता.

विद्वान आठवड्यानं आले. गाडीतून आधी बॅनर उतरला. त्यावर चार विद्यापीठांची चार बोधचिन्हं होती आणि त्यांच्या आकारावरून आधी बराच पत्रव्यवहार झालेला होता, हे मला माहीत होतं, कारण त्याच्या प्रती मलाही यायच्या. गावाचं नाव राहून गेलं होतं. मग पाण्याच्या बाटल्या उतरल्या, टोप्या उतरल्या, आणि शेवटी विद्वान उतरले.

तलावाच्या बांधावर मोहाच्या झाडाखाली बाया बसल्या होत्या. प्रथम संमतीपत्र. चार पानी, इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं की या संशोधनातून तुम्हाला कोणताही थेट लाभ होणार नाही, हे तुम्हाला समजले आहे. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा अध्यक्षाबाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"मंग खात्याचं?"

"ते वेगळं," मी म्हणालो. "हे छापील असतं."

त्यांनी सही केली. मागोमाग सहाही जणींनी.

प्रश्नावली समाजशास्त्राच्या बाईंनी घेतली. त्यांचं मराठी पुस्तकी असलं तरी स्वभावानं त्या बऱ्या होत्या; चौघांत त्याच तेवढ्या जमिनीवर बसल्या. "एक ते पाच या मापावर सांगा," त्या म्हणाल्या, "या व्यासपीठामुळे तुमची स्वायत्तता किती वाढली?"

बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, "आपल्या मनानं काम करता येते का, असं विचारून राह्यल्या."

"आता खातंच बंद हाय, त मनानंच करून राह्यलो," एक जण म्हणाली. बाया हसल्या. समाजशास्त्रानं विचारून घेतलं, की हे तीन धरायचं की चार?

अध्यक्षाबाईंनी ही संधी सोडली नाही. खातं कसं बंद झालं ते त्यांनी क्रमानं सांगितलं. सात दिवस, सात तोंडं, मस्टर, गाडीवाला, बटण. मी इतकी नेटकी साक्ष कोर्टातही ऐकलेली नाही. चौघंही सरसावून बसले. कायद्यानं वही काढली. मला वाटलं, झालं काम.

"मूळ प्रश्न असा आहे," कायदा म्हणाले, "की या महिला कायद्याच्या दृष्टीनं कोण आहेत? कामगार, विक्रेत्या, की ग्राहक?"

"सूक्ष्म-उद्योजक," अर्थशास्त्र म्हणाले.

"तो शब्दच समस्या आहे," समाजशास्त्र म्हणाल्या.

संगणकाचे म्हणाले की चेहरा ओळखण्याची अचूकता उन्हात कमी होते, आणि झाडाखाली उभं राहून पाहायला पाहिजे. ते फोन घेऊन झाडाखालून उन्हात आणि उन्हातून झाडाखाली जात राहिले. इकडे वाद अर्धा तास चालला. बाया कोण आहेत हे ठरेना. त्या समोर बसून होत्या आणि त्यांना विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

शेवटी अध्यक्षाबाईंनी प्रत्येकाला वेगळं गाठलं. हुशारीचं काम होतं. कायद्यानं सांगितलं, तोडगा तंत्राचा आहे, संगणकाला विचारा. संगणकानं सांगितलं, तंत्र बरोबर चाललंय, धोरण कंपनीच्या व्यवहाराचं आहे. अर्थशास्त्र म्हणाले, बाजारात पर्याय असणं महत्त्वाचं, पण एखाद्या खात्याचा प्रश्न आमच्या कक्षेत येत नाही. समाजशास्त्राच्या बाईंनी अध्यक्षाबाईंचा हात हातात घेतला आणि सांगितलं, तुमचा आवाज आम्ही पोचवू.

"कुठी?" अध्यक्षाबाईंनी विचारलं.

"अहवालात."

तेवढ्यात सकाळचं जाळं बांधावर आलं आणि विद्वानांना दुसरं काही बघायला मिळालं. त्या दिवसाचा मासा थोडाच होता. एकीनं त्याचे सात ढीग लावले, मोठ्यावर लहान, लहानावर मोठा असं करत सारखे. दुसरी तलावाकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ फिरवून उभी राहिली. ढीग लावणारीनं एका ढिगावर बोट ठेवलं, "हा कोनाचा?" पाठमोरीनं एक नाव घेतलं. पुढचा ढीग, पुढचं नाव. सात ढीग, सात नावं, खेळ संपला. ढीग लावणारीला कोणता येईल ते माहीत नसतं, म्हणून ती सारखेच लावते. पाठमोरीला कोणता ढीग ते दिसत नाही. भांडायला जागाच उरत नाही. यासाठी कुणी कधी अहवाल लिहिलेला नाही.

संगणकाचे इतके खूश झाले की त्यांनी ते पुन्हा करायला लावलं, व्हिडिओसाठी. वाटून झालेले मासे पुन्हा एकत्र करून पुन्हा ढीग लावले गेले. दुसऱ्या खेपेला एकीचा मोठा मासा गेला. तिनं जाऊ दिलं, पाहुणे होते. मग संगणकानं मला समजावलं, की हेच सगळं फोनवर करता येईल, पाठ फिरवायची गरज राहणार नाही. मी विचारलं, पाठ फिरवायला काय लागतं? ते माझ्याकडे दयेनं पाहून म्हणाले, "स्केल, सर. स्केल."

संध्याकाळी सावलीच्या विश्रामगृहात चहा घेताना मी विषय काढला. कंपनीचा विभागीय अधिकारी या विद्वानांच्याच सल्लागार मंडळात होता. ते नाव मी प्रकल्पाच्या कागदावर वाचलं होतं. मी कायद्याला म्हणालो, एक फोन करा. दोन मिनिटांचं काम आहे.

उत्तर अर्थशास्त्रानं दिलं. "सर, भावना समजते. पण आत्ता आपण हस्तक्षेप केला तर केस दूषित होईल. खातं चालू असतानाचा काळ, बंद असतानाचा काळ, आणि मधे हंगाम. इतकी स्वच्छ केस सहसा मिळत नाही."

"म्हणजे ते बंद राहिलेलं तुम्हाला बरं."

"बरं-वाईट असं नाही. आपण फक्त निरीक्षण करतो."

समाजशास्त्राच्या बाईंनी बशीतलं बिस्किट मोडलं, खाल्लं नाही. "नैतिकता समितीची मान्यता आहे," कायदा म्हणाले, आणि चहात साखर जास्त झाल्याची तक्रार केली.

मी आयुष्यात बरेच निगरगट्ट लोक पाहिले आहेत. रेतीघाटाचे ठेकेदार पाहिले, तेंदूपत्त्याचे पाहिले. पण त्यांच्यातल्या कुणीही, समोरच्याचं बुडत असताना आपण त्याला मदत न करणं हीच आपल्या कामाची शुद्धता आहे, असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यासाठी शिक्षण लागतं.

हे सगळं मी अध्यक्षाबाईंना सांगायला हवं होतं. मी अर्धंच सांगितलं. म्हणालो, यांच्यानं काही होणार नाही. पुढच्या आठवड्यात चंद्रपूरला यांची परिषद आहे, कंपनीचा माणूस तिथे येणार आहे, तुम्हालाही बोलावलंय; त्यालाच थेट सांगा.

परिषद चंद्रपूरच्या एका हॉटेलात होती. बाहेर ऊन चटके देत होतं आणि आत इतकी थंडी, की स्वागताला मिळालेली शाल अध्यक्षाबाईंनी तिथेच पांघरली. त्या दिवसातली उपयोगाची अशी ती एकच गोष्ट. दीप लागला. चार विद्यापीठांचे चार सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. प्रत्येकाला एक कुंडी मिळाली. कंपनीचा अधिकारी व्यासपीठावर मध्यभागी होता, चाळिशीचा, हसतमुख. तो म्हणाला की नियमन हवं, पण त्यानं नवोन्मेषाचा गळा दाबू नये. आमचे विक्रेते हे आमचं कुटुंब आहे, असंही म्हणाला. त्यावर कायद्यानं टाळ्या वाजवल्या. ज्याला लगाम कसा घालायचा हे ठरवायला सगळे जमले होते, त्याचंच चहापान चालू होतं, हे पाठीमागच्या पडद्यावर प्रायोजकांच्या यादीत स्पष्ट छापलं होतं.

मग 'तळागाळाचा आवाज' या सत्रात अध्यक्षाबाईंना तीन मिनिटं मिळाली. त्यांना दीडच लागली.

"नमस्कार. मी मासे विकतो. आमी साती जनी विकतो. तुमच्या फोननं माया पाळीच्या दिवशी खातं बंद केलं. आमी चोर नाई. तलाव आता निंगन. त्याच्या आंदी खातं खोला. एवढंच हाय."

टाळ्या खूप पडल्या. सूत्रसंचालिका म्हणाली, किती हे प्रामाणिक मनोगत. अधिकारी माइककडे वाकून म्हणाला की याची आम्ही गांभीर्यानं नोंद घेतली आहे, ताईंनी ई-मेल करावा. पुढचं सत्र वेळेवर सुरू झालं.

जेवणात मासा होता. अध्यक्षाबाईंनी बोटानं दाबून पाहिला आणि हळूच मला म्हणाल्या, "आंध्रातला हाय. गाडीतून उतरून आठ रोज झाले असतीन." आणि वरण-भात घेतला. ताट घेऊन त्या सरळ अधिकाऱ्याच्या टेबलाशी गेल्या, समोर बसल्या. मी मागोमाग गेलो. ई-मेल कशाला, माणूस तर समोर बसलाय, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

अधिकारी उद्धट नव्हता, हे सांगायला हवं. उलट मोकळा होता. म्हणाला, "ताई, आजच्या आज चालू करतो. फक्त एक. चेहरा तुमचाच लागणार, रोज. खातं तुमचं, तुम्हीच यायचं. बाकीच्या तुमच्या हाताखाली हेल्पर दाखवू. तसं लिहून द्या."

"मले ताप आला त?"

"त्या दिवशी माल नाही."

"पोरीचं लगन असन त?"

"दोन दिवस आधी कळवा."

"माश्यायले कळवू का?"

तो हसला. खरंच हसला. मग म्हणाला, "नियम आहे, ताई. वेगवेगळी खाती काढा हवं तर. पण मग प्रत्येकीचा माल कमीत कमी एवढा लागतो..." आणि त्यानं जो आकडा सांगितला तेवढा मासा एकेकीच्या वाट्याला कधीच येत नाही, हे त्याला बहुधा माहीत नसावं. शेजारच्या टेबलावर नियमनाचे चारही अभ्यासक आइस्क्रीम खात होते. मी कायद्याला हाक मारली. ते आले, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "हे फार रोचक आहे. अटी लेखी मिळतील का? परिशिष्टात घालता येतील."

परतीच्या एसटीत अध्यक्षाबाईंनी मूल गाव येईपर्यंत शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "मी देऊन टाकतो लिहून."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्याइले काय फरक पडते जी? मासा त साती जनीचाच जाईन. तोंड तेवढं मायं."

मला ते पटलं. आजही मला त्यात चूक दिसत नाही. पण गटाची बैठक बसली तेव्हा चूक सहा जणींना दिसली. मी तिथे होतो, कागद वाचून दाखवायला. 'हेल्पर' या शब्दाशी मी अडखळलो आणि तिथेच बैठक अडखळली.

"हेल्पर म्हंजे कोन?" सगळ्यांत वयस्कर बाईनं विचारलं.

"कामाले ठेवलेली बाई," अध्यक्षाबाईच म्हणाल्या. लपवलं नाही.

"कोनी ठेवली?"

"कागदावर मी."

"आज कागदावर तू. उद्या तुयी सून फाट्यावर उभी राहीन, आन् मले म्हनन, आत्या, पेटी उचल."

"माया सूनीचं तोंड बी नाई चालत त्याले," अध्यक्षाबाई चिडून म्हणाल्या. "मायंच पाह्यजे. मी का हौसेनं करून राह्यली? तलाव निंगन त कोनाच्या दारात जाशीन मासा घेऊन?"

"दारात जात होतो न आंदी. पाय तुटले का आपले?"

"तुये गुडघे कोन चोळून देते रोज?"

कुणी हसलं नाही. बोलणं जुन्या गोष्टींवर गेलं, कुणाच्या लग्नात कोण आलं नव्हतं इथपर्यंत. शेवटी मत कुणी घेतलं नाही, पण कुणी उठून अध्यक्षाबाईंच्या बाजूला जाऊन बसलंही नाही. तिथे तोच निकाल असतो. अध्यक्षाबाईंनी कागदाची घडी केली आणि चुलीत न टाकता माझ्या हातात दिली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी कायले आनले होते ते लोक?"

मी कागद खिशात घातला. विद्वानांना मी निर्णय कळवला. अर्थशास्त्राचं उत्तर तासाभरात आलं, ते पहिल्यांदाच इतक्या लवकर. त्यात लिहिलं होतं, "उत्तम. म्हणजे बंद काळ हंगामभर मिळेल."

तलाव अक्षय्य तृतीयेनंतर तिसऱ्या दिवशी निघाला. मी सकाळीच गेलो. मासा चांगला होता, आणि हेच वाईट होतं. बांधावर रोहू चमकत पडला होता, कटल्यांची तोंडं उघडझाप करत होती. सातही जणींनी टोपल्या भरल्या. चौघी गावोगाव गेल्या, त्यांत गुडघेवाली बाईही होती. तिघी बांधावर विकायला राहिल्या. गावातले लोक आले, शेजारच्या गावातले आले, मोटारसायकलवर सावलीचे दोघे-चौघे आले. दहा वाजता व्यापाऱ्याची गाडी आली. तो उतरून कडुनिंबाखाली बसला, टोपी काढली, घाम पुसला, आणि कुणाला काही विचारलं नाही. त्याला विचारायची गरज नव्हती. ऊन त्याच्या बाजूनं काम करत होतं.

अध्यक्षाबाई विळ्यावर मासे कापत होत्या. साडेअकराला माझा फोन वाजला. प्रकल्पाच्या कचेरीतून एक बाई बोलत होती, कोवळ्या आवाजाची, विनयशील. हंगामातली शेवटची प्रश्नावली आजच भरायची होती, आणि अध्यक्षांचा नंबर लागत नव्हता. मी सांगितलं की त्या कामात आहेत. ती म्हणाली, पाचच मिनिटं. मी स्पीकर लावून फोन अध्यक्षाबाईंसमोर धरला. हे मी का केलं? सवय. सव्वीस वर्षं वरून आलेला कागद मी भरून दिला आहे.

"ताई, आपण व्यासपीठ सोडण्याचं कारण काय? मी पर्याय सांगते. अ, स्वतःच्या इच्छेनं. ब, अधिक चांगला पर्याय मिळाल्यामुळे. क, तंत्रज्ञानाची माहिती नसल्यामुळे. ड, इतर."

अध्यक्षाबाईंचा विळा थांबला नाही. "आमी कुठी सोडलं वं? त्यायनं बंद केलं."

"हो ताई, पण तो पर्याय नाहीये."

"मंग तो शेवटचा लिवा. इतर."

"चालेल. इतर." कळफलकाचा आवाज आला. "धन्यवाद ताई."

"थांबा, काय झालं ते सांगतो न. लिवून घ्या."

"ताई, 'इतर'मध्ये लिहायला जागा नाहीये. फक्त टिक करायचं आहे."

अध्यक्षाबाईंनी मान वर केली. कडुनिंबाखालचा व्यापारी उठून उभा राहिला होता आणि पँट झटकत बांधाकडे येत होता. दुसऱ्या बाजूनं एक माणूस पिशवी घेऊन येताना दिसत होता, सायकल हातात धरून, बहुधा एकाच मासोळीचं गिऱ्हाईक.

"बाई," त्या फोनला म्हणाल्या, "तुमाले मासा पाह्यजे का? रोहू हाय, ताजा."

"मी... नाही ताई, मी पुण्यात आहे."

"मंग ठेवा." आणि मला म्हणाल्या, "भाऊ, सरका जरा बाजूले. सायकलवाल्याले मासा दिसत नसन."

मी फोन बंद केला आणि बाजूला सरकलो.